इन्स्टावर नसलेल्या आर्किटेक्टला काम मिळत नाही का? कोल्हापूरकरांचे अनुभव पाहिजेत

जांभा_चुना

नमस्कार सगळ्यांना. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात तीन वर्षं नोकरी करून २०२१ ला कोल्हापूरला परत आले आणि राजारामपुरीत छोटं ऑफिस टाकलं, मी, एक ड्राफ्ट्समन आणि सहा-सहा महिन्यांनी बदलणारी एक इंटर्न एवढाच कारभार. कामं आत्तापर्यंत सगळी ओळखीतनं आली, म्हणजे मामांच्या मित्राचा बंगला, मग त्या बंगल्याच्या काँट्रॅक्टरनं आणलेलं एक क्लिनिक, मग त्या डॉक्टरांच्या मेहुण्याचं पन्हाळा रोडचं फार्महाऊस, असं एकातनं एक. चाललंय बरं. पण एक गोष्ट झाली ती डोक्यातनं जाईना म्हणून इथं विचारतेय.

गेल्या महिन्यात एक नवराबायको आले, पाचगाव साइडला तीन गुंठ्यांचा प्लॉट, दोघंही नोकरीवाले, बोलायला अगदी समजूतदार. दोन मीटिंगा झाल्या, मी प्लॉटवर जाऊन आले, ऊन कुठनं येतं वारं कुठनं येतं शेजारच्याची खिडकी कुठं आहे सगळं बघून हातानं दोन प्लॅन काढून दिले. तिसऱ्या मीटिंगला ताईंनी फोन पुढं केला, त्यात सेव्ह केलेल्या रीलचा एक अख्खा फोल्डर, ‘आमचं घर’ असं नाव दिलेला, मी वर सरकवत गेले तर संपेचना. डबल हाइट हॉल, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच, बाहेरनं पांढऱ्याशुभ्र भिंती आणि छज्जा औषधाला नाही. मी म्हटलं ताई आपल्याकडं जूनपासून चार महिने पाऊस आडवा मारतो, ही भिंत दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळानं हिरवी होईल आणि त्या काचेमागं एप्रिलात संध्याकाळी चारनंतर बसवणार नाही. तर त्या शांतपणे म्हणाल्या, मॅडम पटतंय तुमचं, पण तुमचं काम आम्ही बघायचं कुठं, तुमच्या पेजवर अकराच फोटो आहेत आणि शेवटचा कधीतरीच्या दिवाळीच्या शुभेच्छांचा. आणि ते खरं होतं. आठवड्यानं निरोप आला की काम दुसरीकडं दिलंय.

राग नाही आला, पण वाईट वाटलं ते याचं की त्या क्लिनिकच्या जिन्यात मी वरनं उजेड घेतलाय, दुपारी बारा वाजता तिथं दिवा लावायला लागत नाही, ते बघायला मी त्या दोघांना गाडीवर दहा मिनिटांत नेऊ शकले असते. माझ्या डोक्यातच आलं नाही.

तर आता विचारायचंय ते असं, की इन्स्टा-यूट्यूब मनापासून करणाऱ्यांना खरंच कामं येतात का नुसते लाइक, आणि येत असतील तर काय टाकल्यावर येतात. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा, म्हणजे आपली नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचा, जाहिरात न करण्याचा नियम आहे तो कॉलेजात शिकवला होता त्याचं काय करायचं. एकजण पेज सांभाळून देतो म्हणून महिन्याला बारा हजार मागतोय, महिन्याला बारा पोस्ट, त्यात अर्ध्या ‘आर्किटेक्ट का हवा याची पाच कारणं’ असल्या, ते द्यावेत का. आणि क्लायंटच्या घराचे फोटो टाकताना तुम्ही त्यांना विचारता कसं, कारण मला ते बोलायलाच संकोच वाटतो. सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

साइट_चप्पल

मॅडम तुमच्यासारखाच राजारामपुरीतनं सुरू केलेला माणूस आहे, आता उचगावात बसतो, सात वर्षं झाली प्रॅक्टिसला. खरं सांगतो, कामं येतात, पण आपल्याला वाटतं त्या पोस्टवरनं येत नाहीत.

मी २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये सुरू केलं, तेव्हा टिकटॉक बंद होऊन रील नुकतंच आलेलं. पहिली दोन वर्षं मी रेंडर टाकले. रात्र रात्र बसून थ्रीडी करायचं, झाडं लावायची, भिजलेली फरशी दाखवायची, संध्याकाळचं आभाळ टाकायचं. लाइक भरपूर, पण कोणाचे? दुसऱ्या आर्किटेक्टचे नाहीतर विद्यार्थ्यांचे, केरळातनं, इंदूरमधनं, गुवाहाटीतनं, सॉफ्टवेअर कुठलं वापरता सर म्हणून मेसेज. कागलातनं एक फोन नाही. मधी एकदा चार हजार घालून पोस्ट बूस्ट पण केली, तेव्हा फोन आले पण सगळे मॉड्युलर किचनचा रेट विचारणारे, मी किचन विकत नाही हे सांगण्यात पंधरा दिवस गेले.

मग २०२२ च्या जुलैत काय झालं, शिरोलीच्या साइटवर एका खिडकीखाली ओल आलेली, गवंडीमामा आणि मी बघत होतो, आणि मी सहज फोन काढून शूट केलं. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासनं दीड-दोन इंच आत, एक खाच पाहिजे असते, अर्ध्या इंचाची. छज्जा ओतायच्या आधी सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, फळीवर तेवढी लाकडी पट्टी ठोकली की काँक्रीटमध्ये खाच आपोआप राहते, खर्च म्हणाल तर पट्टीचा. त्या साइटवर एका खिडकीला पट्टी राहून गेली होती. मामांनी दोन्ही छज्जांवर मगानं पाणी ओतलं. खाचेच्या छज्जावरचं पाणी कडेला आलं, खाली वळलं, खाचेपाशी थांबलं आणि टपटप खाली पडलं. बिनखाचेच्या छज्जावरचं पाणी खालच्या अंगाला चिकटून सरळ आत चालत गेलं आणि भिंतीवर उतरलं, तिथंच ओल. पन्नास सेकंदांचा व्हिडिओ, मागं काँक्रीट मिक्सरचा आवाज, मामा म्हणतात बघा साहेब पाणी कसं घरात शिरायलंय. टाकला आणि विसरलो.

त्या आठवड्यात मला जे फोन आले ते आधीच्या दोन वर्षांत आले नव्हते. गडहिंग्लज, मुरगूड, हातकणंगले. आमच्या पण घराला असंच होतंय, नवीन बांधणार आहे त्यात असं करून देता का. त्यातनं पुढं तीन अख्खी घरं झाली, आणि हे महत्त्वाचं, की ते तिन्ही क्लायंट येतानाच माझं ऐकायच्या तयारीनं आलेले. पश्चिमेच्या काचेवरनं भांडण नाही, फीवरनं घासाघीस नाही म्हणत नाही पण कमी. तवापासनं मी तेवढंच टाकतो. टेरेसचा उतार कसा तपासायचा, संडास-बाथरूमचा स्लॅब खाली का घेतात, मंगलोरी कौलाखाली काय घातलं की माडी तापत नाही. आठवड्याला एक, साइटवर गेलो की तिथंच शूट करतो, ऑफिसात बसून काही करत नाही.

बारा हजार देऊ नका. त्या पोरानं केलेली पोस्ट तुमच्या नावावर जाणार आणि तुमचा क्लायंट तुमच्याशी बोलायला आल्यावर त्याला वेगळंच माणूस भेटणार. त्या पैशात वर्षातनं दोन पुऱ्या झालेल्या कामांचे फोटो चांगल्या फोटोग्राफरकडनं काढून घ्या. तो क्लिनिकचा जिना पहिला. दुपारी बाराला, दिवा बंद ठेवून, हातात घड्याळ दाखवा पाहिजे तर.

मंगळवार_पेठ

वरचं दोन्ही वाचलं, बरं वाटलं. मी १९८७ पासून प्रॅक्टिस करतोय, तेव्हा नियमाचं मी सांगतो, कारण यावर ऐकीव माहितीच जास्त फिरते.

नियम आहे तो आर्किटेक्ट्स प्रोफेशनल कंडक्ट रेग्युलेशन्स, १९८९ मधला. मूळ कायदा १९७२ चा. त्यात असं आहे की आर्किटेक्टनं आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही, पण त्याला अपवाद दिलेत आणि ते अपवाद वाचण्यासारखे आहेत. ऑफिसचा पत्ता बदलला तर तीन वेळा सूचना छापता येते. ऑफिसबाहेर आणि आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येतं पण अक्षराची उंची दहा सेंटिमीटरच्या वर नको. माझी पाटी अजून त्याच मापाची आहे, तेव्हा पट्टी लावून रंगाऱ्याकडनं करून घेतली होती. आणि तुमच्या कामाचा अपवाद हा, की वर्तमानपत्रात किंवा इतर सार्वजनिक माध्यमांत तुमच्या कामाची चित्रं आणि वर्णन तुमच्या नावासह येऊ शकतं, फक्त त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत. फरशीवाला, रंगवाला, खिडकीवाला जाहिरातीत तुमचं नाव घालू शकतो, पण भडकपणे नाही आणि तुम्ही त्याचा मोबदला घ्यायचा नाही. माहितीपत्रक करता येतं, पण ते ज्यांचं नाव-हुद्दा तुम्हाला माहीत आहे अशा संभाव्य क्लायंटनाच द्यायचं.

आता हे लिहिलं तेव्हा फोनला तार होती. पण माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ तसाच लावता येतो. आपल्या कामाचा फोटो टाकला, छज्जाची खाच समजावली, त्यात मला काही गैर दिसत नाही, उलट ते व्हायलाच पाहिजे होतं इतकी वर्षं. पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे जास्त लोकांना दिसावी म्हणून, पैसे भरणं, कुणा पेजला पैसे देऊन आपलं काम ‘फीचर’ करून घेणं, किंवा टाइल्सच्या कंपनीकडनं पैसे घेऊन क्लायंटला त्याच टाइल्स सुचवणारी रील करणं, इथं थांबा. शेवटचं तर नियम बाजूला ठेवला तरी वाईट आहे, कारण क्लायंट तुम्हाला फी देतो ती तुमची बाजू त्याच्याकडची असावी म्हणून. साइट चप्पल, तुमचे ते चार हजार त्या अर्थानं चुकले, पुढं करू नका.

दुसरं, कुणीही आपल्या पेजवर आर्किटेक्ट लिहायला लागलंय. कौन्सिलकडं नोंदणी असल्याशिवाय ती पदवी लावता येत नाही, १९७२ च्या कायद्याचं कलम ३७. जांभा चुना, तुम्ही तुमचा ‘CA’ या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी नंबर पेजच्या वरच लिहा. क्लायंट लोकांना कौन्सिलच्या साइटवर तो तपासता येतो हेही एकदा पोस्ट करून सांगा, बऱ्याच जणांना ते ठाऊक नाही.

आणि एक मनातलं. पोस्टखाली नावं लिहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, काँट्रॅक्टरचं, गवंड्याचं, सुताराचं. न्यू पॅलेसचे फोटो दर सुट्टीत हजारोंनी टाकले जातात, त्याखाली त्याच्या आर्किटेक्टचं, मेजर चार्ल्स मँट हे नाव मी क्वचित बघितलंय. टाउन हॉल पण त्याचाच. १८८१ ला तो वारला, पॅलेस पुरा झाला १८८४ ला, म्हणजे त्यानं तो उभा राहिलेला बघितलाच नाही. आणि तो काळा दगड ज्यांनी घडवला त्यांतल्या एकाचंही नाव मला आजवर सापडलं नाही. आज नाव लिहायला काही पैसे पडत नाहीत.

जांभा_चुना

सर हे इतकं नीट कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी नियमाला घाबरून काहीच टाकत नव्हते आणि जे टाकायला परवानगी आहे तेच टाकलेलं नाही. गवंड्याचं नाव लिहायचं हे आजपासनं नक्की.

फौंड्री_लाइन

मी आर्किटेक्ट नाही, घर बांधलेला माणूस आहे, शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीनशॉप. आमच्या बाजूनं पण ऐका की जरा.

आम्ही आठ महिने इन्स्टा बघून आर्किटेक्ट शोधला. आमच्या मिसेसचा पण तसलाच फोल्डर होता, त्यामुळं त्या ताईंना नावं ठेवू नका, बांधकामातलं आम्हाला दुसरं दाखवायला येतच नाही, आम्ही चित्रच दाखवणार. पण आम्ही ज्यांना काम दिलं ते चित्र बघून नाही दिलं. त्यांनी एक व्हिडिओ टाकलेला पूररेषेवर. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतल्या एकदाच्या पुराची, निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि निळी-लालच्या मधी अटी घालून. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे आम्हा कोल्हापूरकरांना पोरासोरांना पाठ आहे, पण ते पाणी आपल्या प्लॉटच्या नकाशावर कुठं येतं हे आम्हाला कुणी दाखवलेलं नव्हतं. माझा मेव्हणा तेव्हाच नदीकडंचा एक प्लॉट स्वस्तात मिळायलाय म्हणून टोकन द्यायला निघालेला. त्याला तो व्हिडिओ पाठवला, तो नकाशा घेऊन ऑफिसात जाऊन बघून आला, प्लॉट रेषेच्या आत. २०१९ आणि २१ दोन्ही वेळंला तिथं पाणी होतं हे मग शेजारच्यांनी सांगितलं. टोकन वाचलं. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या आर्किटेक्टना फोन केला. आम्हाला असलं सांगणारा माणूस पाहिजे होता.

पण पुढचं पण सांगतो. घर झालं, वास्तुशांत झाली, आणि पंधरा दिवसांनी आमच्याच घराची रील माझ्या कामगारानं मला दाखवली. गेटपासनं सुरू, गाडी नंबरासकट, हॉल, जिना, आमचं देवघर, आणि शेवटी आईची खोली, आई पलंगावर बसलेली पाठमोरी. खाली लोकेशन. मला विचारलेलं नाही. चांगलीच केलेली रील, मी नाही म्हणत नाही, पण आई दोन दिवस जेवली नाही नीट, म्हणायची माझी खोली सगळ्या गावानं बघितली. आणि रविवारी लोक गेटासमोर गाडी थांबवून फोटो काढायला लागले. आम्ही सांगितल्यावर त्यांनी तासाभरात काढली, माफी मागितली, संबंध अजून चांगले आहेत. पण आधी विचारलं असतं तर हॉल आणि जिना मी आनंदानं दाखवू दिला असता. तेव्हा मॅडम, विचारायला संकोच करू नका. क्लायंटला विचारलेलं आवडतंय, न विचारलेलं जन्मभर ध्यानात राहतंय.

सेंट्रिंग_प्लेट

तुम्ही सगळे इन्स्टाचं बोलायलाय, माझं व्हॉट्सॲपचं ऐका, कारण आर्किटेक्ट लोकांचा खरा दिवस तिथंच जातोय. मी काँट्रॅक्टर, वीस वर्षं झाली.

प्रत्येक साइटचा एक ग्रुप असतोय. त्यात आर्किटेक्ट, आरसीसीवाले म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, मालक, मालकीणबाई, मालकाचा अमेरिकेतला भाऊ, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, मी आणि माझा मिस्त्री. दिवसाला शंभर मेसेज, त्यात गुड मॉर्निंग पण आणि कॉलमची साइज पण. दोन वर्षांपूर्वी माझ्या साइटवर झालं ते सांगतो. आर्किटेक्टनी बाथरूमची जागा दोन फूट सरकवली, नवीन ड्रॉइंग ग्रुपवर टाकलं रात्री साडेदहाला. त्याच्यावर मालकाच्या भावानं तीस फोटो टाकले टाइल्सचे. मिस्त्रीनं सकाळी वर सरकवून बघितलं तर त्याला आधीच्या आठवड्यातला कागदाचा फोटो सापडला, तोच झूम करून त्यानं स्लॅबचा खड्डा जुन्या जागी सोडला. सेंट्रिंग झालं, सळी बांधून झाली, ओतायच्या आदल्या संध्याकाळी आर्किटेक्ट स्वतः आले म्हणून कळलं. एक रात्र आणि सहा माणसं गेली तेवढ्यावर भागलं, ओतल्यावर कळलं असतं तर काय.

तवापासनं माझ्या साइटवर ड्रॉइंगचा ग्रुप वेगळा, त्यात आर्किटेक्ट, इंजिनिअर, मी आणि मिस्त्री चौघंच, गप्पा बंद. ड्रॉइंग पीडीएफमधीच, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो काढून नाही, कारण फोटो पाठवला की आकडा पुसट होतोय आणि ३ चा ८ दिसतोय. फाइलच्या नावात तारीख आणि कितवा बदल ते. नवीन आलं की मिस्त्री साइटवरचा जुना कागद फाडून त्याचा फोटो टाकतोय, ते बघितल्याशिवाय काम सुरू नाही. आणि आर्किटेक्ट लोकांना हात जोडून एक विनंती, व्हॉइस नोटवर माप सांगू नका. मिक्सर चालू असताना साडेसात आणि साडेसहा सारखंच ऐकू येतंय.

सोपा_माडी_परडं

थोडं वेगळं लिहिते. मी आर्किटेक्चर करून आता शिकवते, आणि सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन शुक्रवार पेठ, ब्रह्मपुरीकडची जुनी घरं मोजते. सोपा, माडी, मागं परडं, मधे चौक असली घरं आता दरवर्षी पाडली जातायत आणि पाडल्यावर त्यांचा एक कागद मागं राहत नाही. आमचं पेज फक्त त्याचं आहे. एक घर, एक मोजून काढलेला प्लॅन, एक खांबाच्या कोरीवकामाचा जवळून फोटो, आणि घरातल्या कुणीतरी सांगितलेल्या दोन ओळी. फॉलोअर फार नाहीत.

पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा काय झालं ते मी विसरणार नाही. सगळ्यांच्या स्टेटसला आगीचा व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, गावात बोलायचं त्राण नाही कुणात. शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. मी आमच्या पेजवर एवढंच टाकलं की तुमच्याकडं आतले जुने फोटो असतील तर पाठवा, छताचे, पडद्यामागचे, बाल्कनीचे. लोकांनी लग्नाच्या अल्बमात शोधल्यासारखं शोधून पाठवले. शाळेच्या गॅदरिंगचे, मेकअप रूममधले, एका काकांनी वडिलांचा विंगेत उभा असलेला पाठवला, त्यात माणूस अंधारात पण मागची लाकडी चौकट स्पष्ट. तेव्हा मला कळलं की हे पेज म्हणजे गावाची एक फाइल आहे, आणि ती आर्किटेक्टनं ठेवायला पाहिजे कारण फोटोत काय बघायचं हे त्याला कळतं.

जांभा चुना, तुमचं नाव बघून वाटतंय तुम्हाला यात रस असणार. तुमच्या पुढच्या प्लॉटवर जुनं घर पाडायचं असेल तर पाडण्याआधी अर्धा दिवस द्या आणि मोजून टाका. त्यानं काम येईल का मला सांगता येत नाही, पण तुमच्याकडं येणाऱ्या माणसाला तुम्ही काय जपता ते दिसेल.

आणि फोटोग्राफरचं कुणी बोललं नाही म्हणून, आपण पैसे देऊन फोटो काढून घेतले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची असते. पण बरेच फोटोग्राफर वेगळा करार करतात, तेव्हा फोटो कुठं कुठं वापरणार हे आधी लिहून घ्या आणि त्यांचं नाव फोटोखाली द्या.

जांभा_चुना

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवस हे परत परत वाचलं. बारा हजारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. काल डॉक्टरांना फोन करून जिन्याचा फोटो काढू का विचारलं, तर ते म्हणाले अहो वर्षभर मीच प्रत्येक पेशंटला दाखवतोय, तुम्ही अजून काढला नाही होय. दुपारी बाराला गेले, इंटर्नला खाली उभं केलं पुस्तक वाचत, आणि एक मिनिट नुसता उजेड शूट केला. खाली गवंड्याचं, सुताराचं आणि इंजिनिअरचं नाव. सुताराच्या मुलीनं तो तिच्या स्टेटसला ठेवला, मला तिचाच पहिला मेसेज आला.

पाचगावच्या त्या ताईंना पण व्हिडिओ पाठवला, काम मागायला नाही, त्या म्हणाल्या होत्या ना बघायचं कुठं म्हणून. त्यांनी विचारलंय, आमच्या घराला छज्जे घालायला आता सांगता येईल का. मी म्हटलं तुमच्या आर्किटेक्टना सांगा, अजून वेळ आहे, आणि त्यांना शिरोलीच्या छज्जाचा व्हिडिओ पण दाखवा.

आता करारात घालायला हे लिहिलंय, काही राहिलं असेल तर सांगा:

‘घराचे फोटो व व्हिडिओ घरमालकांनी लेखी होकार दिलेल्या जागांचेच घेतले जातील आणि टाकण्याआधी त्यांना दाखवले जातील. पत्ता, लोकेशन, नावाची पाटी, गाडीचा नंबर आणि घरातली माणसं दाखवली जाणार नाहीत. घरमालकांनी पुढे कधीही सांगितल्यास ते काढून टाकले जातील. होकार न दिल्यास कामात किंवा फीमध्ये काहीही फरक पडणार नाही.’

मंगळवार_पेठ

शेवटचं वाक्य चांगलं घातलंत. मी पण माझ्या करारात हे घेतोय.

फौंड्री_लाइन

देवघर पण लिहा की त्यात. आणि होकार एकट्या मालकाचा नको, घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचा घ्या. मला विचारलं असतं तर मी आईच्या खोलीला पण हो म्हणून बसलो असतो.

जांभा_चुना

दोन्ही घातलं.